ठमीचा उजवा पंख

ठमीला कुत्र्याने धरलं, असं नवऱ्याने दारातूनच सांगितलं, बदक आईच्या मांडीवर ठेवलं आणि हात धुवायला नळावर निघून गेला. हात त्याने बराच वेळ धुतले. सुनेला त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या वस्तीत हात धुण्याला धरबंध नव्हताच. कितीही धुवा, वास काही जायचा नाही.

वस्ती म्हणजे पक्षी कापायच्या शेडच्या पाठीमागे एका ओळीत बांधलेल्या खोल्या. पुढे सामाईक नळ, मागे उघडं गटार. शेडमधलं ऊन पाणी पिसं, चरबी आणि रक्ताचे धागे घेऊन त्या गटारातून वाहायचं आणि पलीकडच्या शेताच्या बांधाशी मोठं डबकं करून थांबायचं. शेडमध्ये पहाटे क्रेट भरभरून कोंबड्या यायच्या, कधी बदकं यायची आणि दुपारपर्यंत नागडी होऊन बर्फाच्या गाडीत जायची. ओळीतल्या सगळ्या घरांचं पोट त्यावर होतं. उन्हाळ्यात मात्र वाटेतच निम्मे पक्षी क्रेटमध्ये मरून यायचे, काम कमी व्हायचं आणि कुणाला ठेवायचं, कुणाला घरी बसवायचं, कुणाला कुठल्या कामाला लावायचं ह्याचा सगळा कारभार मुकादमाच्या जिभेवर चालायचा. त्यामुळे उन्हाळा आला की सगळी ओळ नाक मुठीत धरून वागायची.

ह्या घरातली तिघंही शेडचीच. सासूने उभं आयुष्य तिथे काढलं होतं. आता तिच्या बोटांच्या पेरांना गाठी आल्या होत्या, मूठ मिटत नव्हती, म्हणून ती घरी होती. नवरा ऊन पाण्याच्या टाकीवर होता. कापलेला पक्षी टाकीत बुडवायचा, ढवळायचा, पिसं सैल झाली की बाहेर काढायचा. दिवसभर हात त्या पाण्याच्या वाफेत आणि शिंतोड्यांत असायचे. त्याच्या हातांची साल निघत होती. तळव्यांवर पांढरे पापुद्रे आणि खाली लाल ओलसर मांस. सून पिसं काढायच्या टेबलावर. तिच्यापुढे येणारा पक्षी मेलेलाच यायचा, आणि ती त्याला मोकळा करून पुढे ढकलायची. केसांत पिसं, नखांत पिसं. जेवताना कधी दाताखाली पीस यायचं, तेव्हा ती ते बोटांनी ओढून काढायची आणि जेवण चालू ठेवायची. इतकी ती निर्ढावली होती.

पण जिवंत बदकाची तिला किळस होती. सासूची ही ठमी तिला लग्न झाल्या दिवसापासून डोळ्यांत खुपत होती. कधीतरी क्रेटमध्ये एका बदकाने अंडं घातलं होतं. सासूने ते कमरेला खोचून घरी आणलं, शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली ठेवलं आणि त्यातून ही निघाली. पिल्लू पहिल्यांदा पाण्यात शिरलं तेव्हा ती कोंबडी काठावर उभी राहून छाती बडवल्यासारखी ओरडत होती, ही गोष्ट सासू आल्यागेल्याला सांगायची आणि स्वतःच हसायची. आयुष्यभर पक्ष्यांची पिसं काढलेल्या बाईचा हा एकच पिसासकट पक्षी. ठमकत चालते म्हणून ठमी. ही ठमी उंबऱ्यावर घाण करायची, तीही पातळ, हिरवट, पाय पडला की घसरून पडावं अशी. चोचीने चिखल चिवडायची आणि तीच चोच पाण्याच्या घागरीत घालायची. सासू तिच्याशी दिवसभर बोलत बसायची. सून कामावरून आली की आधी उंबरा खरवडायची, मग घरात जायची. "ह्या घरात मला सासू एक आणि आत्येसासू एक," असं ती नळावर म्हणायची आणि बायका हसायच्या.

आता तीच ठमी सासूच्या मांडीवर पंख लोंबकळत पडली होती. उजवा पंख. खांद्याशी सांधा सुजून आला होता, पंखाखालची कातडी फाटली होती आणि पिसं आडवीतिडवी मोडली होती. सासूने पंख उचलून पाहिला. पुष्कळ वेळ पाहिला. मग तो हळूच खाली ठेवला आणि काही बोलली नाही. सुनेला वाटलं, म्हातारीला धक्का बसला.

त्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या कुत्र्याला ओळीतल्या पोरांनी दगड मारून लंगडं केलं. नवऱ्याने ते पाहिलं आणि मान फिरवली.

सासूने सुनेला हाक मारली. तिच्या बोटांनी चिंधी बांधता येत नव्हती, गाठ मारता येत नव्हती. ती अजिजीने बोलली नाही. तो तिचा स्वभावच नव्हता.

"पाणी उकळ, मीठ घाल. निवलं की फडकं बुडवून आतून पूस. मग पंख मिटवून अंगाशी बांध. पोट आवळू नकोस, श्वास घेता आला पाहिजे तिला."

"मी?" सून म्हणाली.

"मग कोण? कुत्र्याला बोलावू?"

सुनेने नाकाला फडकं बांधलं. पंख उचलला तेव्हा खालून ऊन, आंबट वाफ आली. मेलेल्या पक्ष्याला असा वास नसतो. मेलेला पक्षी नुसता मेलेला असतो. हे ऊन होतं, धडधडत होतं आणि तिच्या बोटांवर त्याचं पाणी झिरपत होतं. तिने कसंबसं पुसलं. ठमीने भीतीने तिच्या मांडीवर घाण केली. ती बदक तसंच टाकून मागच्या गटारापाशी गेली आणि सकाळचं जेवण तिथे ओकून आली. मग येऊन चिंधी बांधली. ह्या कामाची तिला शिसारी आली ती आलीच. उद्यापासून आपल्याच्याने होणार नाही, असं ती ठरवून झोपली.

पण सकाळी नवराच म्हणाला, "बघितलंस का तिला? बरी आहे का?"

सुनेला नवल वाटलं. ह्या माणसाने आजवर ठमीकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. तो कामावर जाताना थांबला, खाली वाकून चिंधी पाहिली, ती नीट बसली आहे की नाही हे बोटाने चाचपलं. दुपारी तो परतला तेव्हा त्याच्या खिशात गुरांच्या दवाखान्यातली जखमेवरची पूड होती. चालत जाऊन आणली होती, उन्हात. दुसऱ्या दिवशी मूठभर धान्य आणलं, भिजत घातलं. म्हणाला, हिला चांगलं खायला घाल, अंगात ताकद आली तर पंख लवकर सांधेल.

सुनेने त्या रात्री त्याच्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण आपल्या नवऱ्याच्या काळजाला असा एक मऊ कोपरा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. आईसाठी करतोय, तिला वाटलं. मनात म्हणाली, हा एवढा करतोय तर मी कोण तोंड वाकडं करणारी. आणि ती करत राहिली, खरं सांगायचं तर ठमीसाठी नाही, नवऱ्यासाठी.

करणं सोपं नव्हतं. उन्हाळ्यात माश्या कुठे बसायचं सोडतात? शेडच्या आजूबाजूला तर त्यांचं राज्यच. एका सकाळी तिने चिंधी सोडली आणि फाटलेल्या कातडीच्या कडेला काहीतरी हललं. पांढरं, तांदळाच्या कणीएवढं. मग आणखी एक. मग तिला दिसलं की आत सगळंच हलतंय. तिच्या सबंध अंगावर काटा आला, दात शिवशिवले, जिभेखाली कडू पाणी सुटलं. तिने सासूला हाक मारली. सासूने वाकून पाहिलं आणि काडेपेटी पुढे सरकवली.

"काडीने काढ. एक राहिलं तर उद्या पुन्हा तितके होतील."

तिने ते काढले. काडीच्या टोकाने एकेक उचलून मिठाच्या पाण्यात टाकत गेली. ते पाण्यात वळवळत बुडत होते. ठमी पहिल्यांदा तडफडली, मग तिने मान लांब करून सुनेच्या कोपरावर टेकवली आणि डोळा मिटला. खालची पापणी वर येते बदकाची, तशी ती हळूहळू वर आली. सुनेने आजवर हजारो बदकांचे डोळे पाहिले होते, पण मिटताना एकही पाहिला नव्हता. तिला त्याचंही कसंतरीच झालं. असं ऊन, जड डोकं आपल्या हातावर ठेवून कुणी निवांत व्हावं, हे तिला सोसवेना. पण तिने हात हलवला नाही.

होता होता तिला सवय झाली. चिंधी भिजत घालायची, उकळायची, वाळवायची. पाण्याचं घमेलं ठेवायचं, कारण बदकाला चोच सबंध बुडवता आली नाही तर त्याचे डोळे चिकटतात, असं सासू म्हणायची. पूड भुरभुरायची. जखमेवर आधी पिवळी खपली आली, मग ती पडून खाली गुलाबी कातडी दिसली. वासही बदलला. आधी कुजका होता, मग नुसता बदकाचा राहिला. सुनेला एक दिवस जाणवलं की आपण नाकाला फडकं बांधायचं विसरलो. तिने स्वतःच्याच कपाळावर हात मारला आणि हसली.

मग शेडमध्ये एक दिवस जिवंत बाजूचा माणूस आला नाही.

शेडच्या दोन बाजू होत्या. टेबलाच्या बाजूला सगळं मेलेलं; क्रेटच्या बाजूला जिवंत. सुनेला तिकडे जायची कधी वेळ आली नव्हती. त्या दिवशी मुकादमाने तिला क्रेट उघडायला लावलं आणि टाकीवरच्या नवऱ्यालाही हात द्यायला बोलावलं. पक्षी क्रेटमधून काढला की फडफडू नये म्हणून त्याचे पंख पाठीवर एकमेकांत अडकवायचे. एक पंख ओढून दुसऱ्याच्या खाली सारायचा, की पक्षी गप्प. ह्याला शेडवर तिढा म्हणत. सांध्याचं काय होतं हे कुणी पाहत नसे. तिढा घातलेला पक्षी पुढच्या पाच पावलांत मरणारच, त्याच्या सांध्याची काळजी कोण करणार?

शेजारचा माणूस तिढा घालत होता: डावा पंख खाली, उजवा वर. पलीकडचाही तसाच. सगळ्यांचे हात एकाच तऱ्हेने चालत होते. नवरा एक बदक घेऊन उभा राहिला. तो डावखुरा. त्याने बदक उजव्या हाताने दाबलं आणि डाव्या हाताने उजवा पंख मागे ओढून डाव्याच्या खाली सारला. चटकन, न बघता. सांध्याचा कट्ट असा आवाज झाला. उजव्या पंखाची पिसं आडवीतिडवी मोडून वर आली.

सून ते पाहत राहिली. ती पिसं तिने महिनाभर रोज बोटांनी सरळ केली होती. असाच मोड, असाच खांदा. कुत्र्याचे दात लागलेले तिने कुठे पाहिले होते? भोकं कुठे होती? एकही नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी झाली होती आणि तो संन्यासी अजून तीन पायांवर वस्तीत फिरत होता.

पण का? हे तिला समजेना. माणूस मोडतो आणि मग औषध आणायला उन्हात चालतो, असं कसं?

उत्तर कामाच्या शेवटी नळावर मिळालं. मुकादम एरवी नळाकडे फिरकत नसे. तो शेडच्या दारात खुर्ची टाकून बसायचा, नाकाशी अत्तर लावलेला रुमाल धरून. पक्ष्याला त्याने कित्येक वर्षांत हात लावला नव्हता. त्या दिवशी तो रुमाल सावरत आला, ताकाला जाऊन भांडं लपवावं तसा इकडचं तिकडचं बोलला, उन्हाळा फार आहे, माणसं कमी करावी लागणार, काट्यावरची जागा रिकामी आहे. मग नवऱ्याला म्हणाला, "आमची पाहुणी बरी झाली की नाही? मी जागा किती दिवस राखून ठेवू?"

नवरा म्हणाला, "झालीच साहेब. ह्या सुट्टीला."

"धडधाकट पाहिजे. मागच्यासारखं लुळं घेऊन आलास तर परत पाठवीन. घरच्या बदकाची चव वेगळी असते म्हणतात. बघू."

सून मागे तोंड धूत होती. नवऱ्याने वळून पाहिलं आणि त्याला कळलं की हिने ऐकलं.

घरी जाताना ती शेताच्या बांधावर थांबली. त्याला विचारलं, आणि त्याने लपवलं नाही. उलट सगळं ओकून टाकलं, जणू कधीपासून त्याला ते बाहेर काढायचंच होतं. मुकादमाची नजर ठमीवर गेली होती. काट्यावर बसून माल तोलायचं कोरडं काम, हात कोरडे राहतात. आईला सांगितलं असतं तर तिने दिली नसती, म्हणून पोत्यात घालून नेली. पोत्यात घालताना फडफडायला लागली, तेव्हा हात सवयीने चालला. हिला जिवंत राहायचंय हे डोक्यातच आलं नाही. मुकादमाने पोतं उघडलं, पंख पाहिला आणि दारातूनच हाकलून दिलं.

"आणि धान्य आणत होतात ते?" तिने विचारलं.

"भरली पाहिजे ना ती."

मग त्याने हात पुढे केले. तळव्यांवर धड कातडीच नव्हती. "हे बघ. रात्री झोप लागत नाही मला. तू दिवसाला किती बदकं सोलतेस? त्यातलंच एक. मी काय माणूस मारलंय?"

त्यात खोटं काही नव्हतं. हात खरोखरच वाईट दिसत होते आणि त्याच हातांची दया येऊन तिने रोज पाणी उकळलं होतं, किडे वेचले होते. तिने काडीने काढलेला एकेक किडा मुकादमाच्या ताटासाठी काढला होता. पहिल्या दिवशी शिसारी आली होती ती बदकाची; ही बदकाची नव्हती. ह्या माणसाने माझ्या हातांनी ती भरवली, माझ्या हातांनी ती बरी केली, आणि मी ह्याला मऊ काळजाचा समजले, ह्या विचाराची तिला इतकी किळस आली की ती त्याच्यापासून दोन हात लांब सरकून चालू लागली.

"आईला बोलू नकोस," तो मागून म्हणाला. "मुकादम स्वतः येणार आहे. मी सांगेन, साहेबाला आवडली म्हणून."

तिने सासूपाशी तोंड उघडलं नाही. म्हातारीला काय सांगणार? तुझ्या पोटच्याने केलं म्हणून? पण तिच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. धडधाकट पाहिजे म्हणाला. लुळं घेत नाही.

रात्री ठमीची चिंधी सोडून तिने पंख हातात घेतला. तो आता जवळजवळ मिटत होता. एकदा जोरात मागे ओढला तर पुन्हा मोडेल. तिला ते जमलं असतं, एवढं आता तिला माहीत होतं. तिने पंख धरला, सांध्यावर अंगठा ठेवला. ठमीने सवयीने मान लांब करून तिच्या कोपरावर टेकवली. सुनेने पंख सोडून दिला. ते आपल्याच्याने होणार नाही, हे ह्या वेळी खरं ठरलं.

दुसऱ्या दिवशी शेडमधून निघताना तिने पोटं साफ करायच्या टेबलाखालच्या पिंपातून एक डबा भरून घेतला. आतडी, पित्त, काय हाताला लागलं ते. डबा झाकण लावून खोलीच्या मागे उन्हात ठेवला. सुट्टीच्या सकाळी तिने झाकण उघडलं तेव्हा भिंतीवरची पालही पळाली असेल. तिने नाकाला काही बांधलं नाही. ठमीच्या जखमेवर आधी स्वच्छ कोरडं फडकं ठेवलं, त्यावर मेणकापड, त्यावर ते सगळं पसरून जुनी चिंधी गुंडाळली. बोटांनी दाबून दाबून बसवलं, एखाद्या बाळाला गुंडाळावं तितक्या नीटसपणे. पिवळं पाणी चिंधीतून पाझरून पिसांवर उतरलं. सासू खाटेवरून पाहत होती. तिने विचारलं नाही आणि हिने सांगितलं नाही.

मुकादम आला तेव्हा ओळीतली माणसं दारादारांत उभी होती. नवऱ्याने घरातली एकुलती खुर्ची पुसून ठेवली होती. मुकादम बसला, रुमाल नाकाशी, आणि लाडीगोडीने सासूला म्हणाला की तुमच्या बदकाचं फार ऐकलंय, पाहायला आलो. नवरा म्हणाला, साहेबांना आवडलीय आई, तू काही म्हणू नकोस.

सुनेने ठमी आणली आणि सरळ मुकादमाच्या मांडीवर ठेवली.

"बघा साहेब," ती म्हणाली, "तुमच्यासाठी जिवापाड केलं हिचं. फक्त हा पंख तेवढा राहिलाय." आणि तिने चिंधीचं टोक ओढलं.

चिंधी सुटली तशी मांडीवर ओघळली. मुकादमाचा रुमाल बाजूला झाला होता, कारण बदक धरायला त्याला दोन्ही हात लागले होते. वासाची लाट त्याच्या तोंडावर आपटली. तो खाली बघायला नको तेव्हा बघून बसला. सून शांतपणे सांगत होती, आधी किडे झाले होते साहेब, तांदळासारखे, काडीने काढले, अजून आत आहेत का बघते, थांबा जरा. ठमी घाबरली आणि तिने आपलं नेहमीचं काम त्याच्या पांढऱ्या पाटलोणीवर केलं. मुकादम उठला, खुर्ची पडली, बदक फडफडत खाली आलं आणि मुकादम कसाबसा गटारापर्यंत पोचला. तिथे गुडघ्यांवर बसून तो ओकला. पुन्हा ओकला. ज्याच्या जिभेवर सबंध शेड चालायची त्याला लाळेच्या तारा तोंडाला लोंबत असताना सगळ्या ओळीने पाहिलं. कुणी हसलं नाही. हसायची त्यांची छाती नव्हती. पण नंतर ते कितीतरी दिवस हसले.

नवरा पाण्याचा तांब्या घेऊन धावला. मुकादमाने तो झिडकारला. "फेकून दे ते," एवढंच तो म्हणाला, आणि काट्यावरच्या जागेचं नाव न काढता निघून गेला. दुसऱ्या दिवशी काट्यावर दुसरा माणूस बसला होता.

नवरा त्या दुपारी घरी थांबला नाही. सुनेने नळावर ठमीला धुतलं. हिरवं-पिवळं पाणी निघायचं थांबेपर्यंत धुतलं, मग मेणकापडाखालची जखम पाहिली. कोरडी होती. ती घरात आली तेव्हा सासूने हात पुढे केले आणि ठमीला मांडीवर घेतलं. गाठी आलेल्या बोटांनी पंख उचलला, वाकून वास घेतला.

"दोन दिवस उन्हात ठेवलं होतंस," म्हातारी म्हणाली. "पित्त जास्त घातलंस. मी आतडी घातली असती नुसती."

सुनेला हसू आलं, मग भरून आलं. तिने ठरवलं की आता सांगून टाकावं. म्हणाली, "आई, ते कुत्र्यानं नव्हतं केलं."

"माहीत आहे मला. तिढ्यात उजवा पंख आत घातला होता. त्याच दिवशी पाहिलं मी."

"मग बोलला का नाहीत?"

सासू ठमीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "लहान होता तेव्हा माझ्याबरोबर यायचा शेडवर. डावखुरा, जमेना त्याला. सगळे हसायचे. मग मीच बाजूला घेतला आणि उलटा शिकवला. जोरात ओढ म्हणाले, सांध्याकडे बघू नकोस, आता मरणारच आहे ते." तिने ठमीचं एक वाकडं पीस सरळ केलं. "चांगला शिकला."

संध्याकाळी नवरा आला. जेवायला बसला. घास हातात धरताना त्याची बोटं भाजल्यासारखी आखडत होती. तळव्याला चीर पडून रक्ताचा थेंब ताटाच्या कडेला लागला. तो त्याने अंगठ्याने पुसला. म्हातारी ते पाहत होती. आईचंच काळीज ते. ती सुनेला म्हणाली, ती पूड आणि मलम आण, त्याच्या हातांना लाव.

सून उठली. फळीवरून पूड आणि मलमाची डबी आणली. ह्याच बोटांनी तिने पू पुसला होता, किडे वेचले होते, आज सकाळी कुजलेली आतडी बाळासारखी गुंडाळली होती. ती त्याच्यासमोर बसली. त्याने दोन्ही हात उताणे पुढे केले, लहान मूल करतं तसे. हात सोललेले होते, खरंच दुखत होते, आणि तिला त्यांची कीवही आली. तिने बोटावर मलम घेतलं. बोट तळव्याच्या जवळ नेलं आणि तिथेच अडलं.

तिने बोटावरचं मलम डबीच्या काठाला पुसलं आणि डबी जमिनीवर ठेवून त्याच्याकडे सरकवली.

"तुमचं तुम्ही लावून घ्या," ती म्हणाली.

मग ती ठमीला काखेत घेऊन बाहेर गेली, कारण दिवसभर तिला पाण्यात सोडायचं राहून गेलं होतं.